‘द डार्क नाइट’ घरी बघताना: 28 मिनिटांचं कौतुक, 124 मिनिटांचा हिशोब

‘द डार्क नाइट’च्या डिस्कबद्दल दहा जणांना विचारा, दोन टोकांची मतं ऐकायला मिळतील. एक म्हणेल, टीव्हीवर यापेक्षा सुरेख चित्र बघितलेलं नाही. दुसरा म्हणेल, माणसांच्या कडेने पांढरी रेघ दिसते, चेहरे मेणाचे वाटतात, उगाच नाव झालंय. गंमत अशी की दोघंही एकाच डिस्कबद्दल बोलत असतात आणि दोघांचंही खरं असतं. सिनेमा 152 मिनिटांचा. त्यातली साधारण 28 मिनिटं आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित झाली, उरलेली 124 नेहमीच्या 35 मिमी फिल्मवर. कौतुक होतं ते 28 मिनिटांचं, तक्रारी येतात त्या 124 मिनिटांच्या. कुठली आवृत्ती घ्यायची, टीव्हीवर काय बदलायचं, आवाज कुठे अडतो, हे सगळं या एका फरकावरून ठरतं.

आधी आवृत्त्या बघू. 2005 च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’चा हा पुढचा भाग अमेरिकेत 18 जुलै 2008 ला लागला आणि 9 डिसेंबर 2008 ला डीव्हीडी व ब्लू-रेवर आला. 4के डिस्क 19 डिसेंबर 2017 ला आली, दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनच्या इतर सिनेमांच्या जोडीने. मधल्या काळात संचांची खोकी, खेळण्यातल्या गाड्यांसकटच्या पेट्या असं बरंच निघालं. पण खोकं बदललं म्हणून आतलं चित्र बदलत नाही. निवड खरी दोनच गोष्टींत आहे: 2008 ची ब्लू-रे की 2017 ची 4के.

पट्ट्या येतात-जातात, डिस्क खराब नाही

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सिनेमा सुरू होतो तेव्हा चित्र पूर्ण पडदाभर असतं. सहा-सात मिनिटांनी बँकेवरचा दरोडा संपतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. पुढे हाँगकाँग आलं की पट्ट्या गायब, मग परत हजर. मध्येच शहराचं एखादं उंचावरून घेतलेलं दृश्य चार-पाच सेकंद पडदाभर उघडतं आणि मिटतं. डिस्क बिघडलेली नसते, ती अशीच बनवलेली आहे.

आयमॅक्सच्या कॅमेऱ्यात 65 मिमीची निगेटिव्ह आडवी धावते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या पंधरा छिद्रांएवढी लांबी लागते. ही चौकट नेहमीच्या 35 मिमीच्या नऊ-दहा पट मोठी असते आणि जवळजवळ चौकोनी असते, रुंदी उंचीच्या 1.43 पट. छायाचित्रकार वॉली फिस्टरने बाकीचा सिनेमा 35 मिमीवर अॅनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवणाऱ्या) भिंगांनी टिपला, त्याची रुंदी उंचीच्या 2.40 पट. घरचा टीव्ही 1.78 चा. म्हणून 35 मिमीच्या भागात वर-खाली पट्ट्या राहतात आणि आयमॅक्सचा भाग पडदा भरून टाकतो. पण भरताना आयमॅक्सच्या चौकटीचाही वर-खालचा मिळून साधारण पाचवा हिस्सा कापला जातो. म्हणजे घरी दिसतो तोसुद्धा पूर्ण आयमॅक्स नव्हेच.

आकड्यांत सांगायचं तर 55 इंची टीव्हीचा पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद आणि 68 सेंटिमीटर उंच असतो. 2.40 च्या भागात चित्राची उंची 51 सेंटिमीटरच्या आत येते. वर साधारण नऊ आणि खाली नऊ सेंटिमीटर काळं. 4के पडद्याच्या 2160 ओळींपैकी 1600 कामाला येतात. हाँगकाँगच्या गगनचुंबी इमारतीच्या कठड्यावर बॅटमॅन उभा आहे, खाली शहर पसरलंय, आणि त्या क्षणी पडद्याला एकदम 35 टक्के जास्त उंची मिळते. पोटात गोळा येतो तो त्याचमुळे. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून मात्र हे फारसं जाणवत नाही. 55 इंचाला सहा-सात फुटांचं अंतर चांगलं. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा या एका सिनेमापुरत्या खुर्च्या पुढे ओढाव्यात.

पट्ट्या नकोत म्हणून रिमोटवरचं झूम दाबायचं, ही सगळ्यात वाईट खोड. झूमने 35 मिमीच्या भागातल्या पट्ट्या जातात खऱ्या, पण डाव्या-उजव्या बाजू कापल्या जातात. आणि आयमॅक्सचा भाग आला की त्याचं वरचं-खालचं आणि दोन्ही बाजूंचं असं चारही अंगांनी कापलं जातं. आकार ‘16:9’ किंवा ‘ओरिजिनल’वर ठेवायचा आणि ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ असा पर्याय दिसला तर तो चालू करायचा. नाहीतर टीव्ही चहूबाजूंनी दोन-तीन टक्के चित्र गुपचूप खातो.

ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आणि 2.40 चा रुंद पडदा आहे, त्यांची अडचण उलटी. आयमॅक्सचा भाग आला की चित्र पडद्याबाहेर, भिंतीवर सांडतं. बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये ‘ब्लँकिंग’ असतं. वरून-खालून तेवढ्याच ओळी झाकून टाकल्या की सिनेमा सलग 2.40 मध्ये दिसतो. यात मोठं पाप नाही. साध्या थिएटरांत हाच सिनेमा पूर्ण 2.40 मध्येच दाखवला गेला होता, त्यामुळे आयमॅक्सची दृश्यं टिपतानाच मधल्या पट्ट्यात कामाचं सगळं बसेल अशी काळजी घेतलेली आहे. डोकी कापली जात नाहीत.

हातातली प्रत कुठली, हे ओळखायला पहिली दोन मिनिटं पुरतात. निळसर ज्वाळांतून वटवाघळाचं चिन्ह उमटतं, मग कॅमेरा काचेच्या उंच इमारतीकडे सरकत जातो आणि एक खिडकी फुटते. या दृश्यात वर-खाली पट्ट्या असतील तर समजायचं, ही सलग 2.40 ची प्रत. डीव्हीडी तशीच आहे, आणि स्ट्रीमिंगवरही अशा प्रती फिरतात. पट्ट्या नसतील तर पडदा उघडणारी प्रत मिळाली. भाड्याने किंवा विकत घ्यायच्या आधी झलक दाखवायची सोय असेल तर एवढं बघून घ्यावं.

2008 च्या ब्लू-रेतली रेघ

जुन्या ब्लू-रेवर आयमॅक्सचा भाग आजही मान वर करून बघण्यासारखा आहे. दरोड्याच्या दृश्यात विदूषकी मुखवट्यांचे ओरखडे, बँकेच्या फरशीची चमक, लांबच्या रस्त्यावरच्या गाड्या, सगळं सुटं सुटं दिसतं. खरं दुखणं 35 मिमीच्या भागात आहे. तिथे कडा कृत्रिमरीत्या धारदार केलेल्या आहेत. उजळ खिडकीसमोर गडद सूट घातलेला माणूस उभा राहिला, किंवा फिक्या आकाशासमोर काळी इमारत आली, की कडेने केसाएवढी पांढरी रेघ उमटते. आयमॅक्सच्या शेजारी 35 मिमी फिकं वाटू नये असा त्यामागचा विचार असावा, पण अॅनामॉर्फिक भिंगाचा मुलायमपणा त्यात मारला गेला. चेहऱ्यांचा पोत सपाट झाला तो याच ओघात.

त्यात घरचा टीव्ही भर घालतो. शोरूममध्ये डोळ्यात भरावं म्हणून टीव्ही चढवलेल्या शार्पनेससह येतात. आधीच धारदार केलेल्या कडेला टीव्हीने पुन्हा धार लावली की केसाएवढ्या रेघेची दोरी होते. ब्लू-रेबद्दल तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न शार्पनेस उतरवल्यावर निम्म्यावर येईल. मात्र शून्य म्हणजे तटस्थ असं सरसकट धरू नये. काही कंपन्यांच्या टीव्हीत शून्य म्हणजे काहीच न करणं, काहींत मात्र तटस्थ जागा मध्यावर, 50 ला असते, आणि त्याखाली गेलं की चित्र पुसट होतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांचं सबटायटल थांबवून ठेवायचं आणि शार्पनेस हळूहळू उतरवायचा. अक्षरांभोवतीची झालर जिथे नाहीशी होते, तिथे थांबायचं.

शार्पनेसच्या सोबत आणखी दोन गोष्टी बंद करायच्या. एक, ‘नॉइज रिडक्शन’. दुसरी, चाल गुळगुळीत करणारी ती मोशनची सोय, जिचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा आहे. मध्ये बनावट चौकटी घुसवल्या की बॅटमॅन मालिकेतल्या नवऱ्यासारखा चालायला लागतो. हे एकेक शोधत बसायचं नसेल तर ‘फिल्ममेकर मोड’, आणि तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडावा. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ या सिनेमासाठी नाहीत.

4के घेतल्याने काय मिळतं

124 मिनिटं परत मिळतात. हेच मुख्य.

4के प्रतीत त्या पांढऱ्या रेघा जवळपास गेल्या आहेत. कडा मऊ झाल्या, चेहऱ्यावर पोत आला आणि फिल्मचे कण दिसायला लागले. चौकशीच्या खोलीतलं दृश्य या बदलाची कसोटी म्हणून घ्यावं. सुरुवातीला टेबलावरच्या एका दिव्याचा उजेड, खलनायक जोकरचा अर्धा चेहरा अंधारात. मग खोलीतले सगळे दिवे एकदम लागतात आणि मागे बॅटमॅन उभा. जुन्या ब्लू-रेवर जोकरच्या चेहऱ्यावरचा रंग पांढऱ्या मुलाम्यासारखा एकसंध वाटतो. 4के मध्ये कपाळाच्या आठ्यांत रंग भेगाळलेला दिसतो, भेगांतून खालची कातडी दिसते, डोळ्यांभोवतीचं काळं घामाने ओघळलेलं दिसतं. जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं ते अभिनयासाठी, पण रंगभूषा करणाऱ्यांचं काम किती बारीक होतं हे बघायला ही डिस्क लागते.

तरीही 4के बद्दल नाराज असलेले कमी नाहीत, आणि त्यांच्या नाराजीची कारणं तपासण्यासारखी आहेत. पहिलं कारण, ‘दाणे दिसतात’. ते दाणे फिल्मचे आहेत, दोष नाही. ते पुसायला गेलं तर कातडीही पुसली जाते. दुसरं, ‘35 मिमीचा भाग आयमॅक्सइतका स्पष्ट नाही’. नसणारच. निगेटिव्हच एवढी लहान, त्यात अॅनामॉर्फिक भिंगं पूर्ण उघडून वापरली की मधलं माणूस स्पष्ट आणि कडा विरघळलेल्या, हे ठरलेलं. 2008 च्या प्रतीत ही दरी बुजवायचा प्रयत्न झाला आणि रेघा आल्या. 2017 च्या प्रतीने दरी मान्य केली. ज्याला एकसारखं चित्र हवंय त्याला नवीन प्रत जास्त ‘धूसर’ वाटेल, आणि तसं वाटणाऱ्याला मूर्ख ठरवायचं कारण नाही.

तिसरं कारण: ‘एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारं चित्र) घेतलं, पण डोळे दिपले नाहीत’. डिस्कवर एचडीआर10 आहे, डॉल्बी व्हिजन नाही, आणि उजेड फार जपून वापरलाय. हा सिनेमा राखाडी, निळा आणि सोडियम दिव्यांच्या पिवळ्याचा. फायदा दिसतो तो अंधारात: सुरुवातीचं पार्किंगमधलं दृश्य, पैशाच्या ढिगाला लावलेल्या आगीचा नारिंगी, रात्रीच्या रस्त्यावर बॅटमॅनच्या दुचाकीच्या, बॅटपॉडच्या, मागे पळणारे दिवे. इथे टीव्हीचा पॅनल आडवा येतो. कडेने दिवे लावलेल्या स्वस्त एलईडी टीव्हीला खरा काळा जमत नाही. पट्ट्या काळ्या न दिसता करड्या दिसतात आणि पार्किंगमधल्या माणसांवर राख पसरल्यासारखी वाटते. अशा टीव्हीवर एचडीआरपेक्षा साधी ब्लू-रे नीट दिसू शकते. 4के प्लेअर आणि डिस्क मिळून जो खर्च होतो, तो आधी टीव्हीकडे वळवलेला बरा. ओलेड किंवा मागून झोनवार दिवे असलेला टीव्ही असेल तर मात्र बिनदिक्कत 4के घ्यावी.

एचडीआर लागलंच नाही, ही वेगळीच भानगड. टीव्हीच्या कोपऱ्यात ‘एचडीआर’ उमटत नसेल तर दोन ठिकाणी बघायचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय खाचेसाठी ‘एन्हान्स्ड’, ‘डीप कलर’ किंवा तशाच नावाचा पर्याय बंद असतो, तो चालू करायचा. आणि केबल जुनी असेल तर बदलायची. ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली, 18 गिगाबिटची केबल पुरते, सोन्याचा मुलामा लागत नाही. जुनी केबल बऱ्याचदा चालते, फक्त मध्येच दोन सेकंद पडदा काळा पडतो, आणि लोक डिस्कला दोष देतात. आणखी एक गफलत: पीएस4 प्रो हा गेम कन्सोल ‘4के’ म्हणून विकला गेला, पण त्यात 4के डिस्क चालत नाही. डिस्कची खाच असलेला पीएस5, एक्सबॉक्स वन एस, वन एक्स किंवा सीरिज एक्स चालतो.

आवाज: डीटीएसचा सापळा

दोन्ही डिस्कवर 5.1 चाच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाज आहे. ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी, 4के वर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. छतातून आवाज येणारा अॅटमॉस नाही. नोलनच्या सिनेमाचं मूळ मिश्रणच तसं नाही, तेव्हा घरच्या डिस्कसाठी उसना अॅटमॉस बनवला नाही हे बरंच झालं.

नावातला हा फरक व्यवहारात मोठा ठरतो. 2018 पासून अनेक टीव्हींमधून डीटीएस काढून टाकण्यात आलं. प्लेअर टीव्हीला जोडलाय आणि टीव्हीतून साउंडबारला आवाज जातोय, अशी जोडणी असेल तर ब्लू-रे छान वाजते आणि 4के डिस्क मुकी होते, किंवा नुसता दोन बाजूंचा स्टिरिओ ऐकू येतो. डिस्क बदलून काही होणार नाही. प्लेअर थेट साउंडबारला किंवा रिसीव्हरला जोडायचा आणि तिथून चित्र टीव्हीकडे न्यायचं. ते शक्य नसेल तर प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ऐवजी ‘पीसीएम’ निवडून बघायचं. मात्र साध्या आर्क जोडणीतून (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआय खाचेतून) पीसीएम दोनच बाजूंचं जातं, पूर्ण 5.1 साठी तिची सुधारित आवृत्ती ईआर्क लागते. प्लेअरमधला ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद ठेवायचा. तो चालू असला की मूळ बिनकाटछाट आवाजाऐवजी कमी दर्जाचा आवाज बाहेर पडतो, आणि रिसीव्हरच्या पडद्यावर नाव बदललेलं दिसलं तरच ते लक्षात येतं.

संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार मात्र सगळीकडची. त्यातला काही भाग सिनेमाचाच आहे. बॅटमॅनचा घोगरा आवाज कुठल्याही स्पीकरवर घोगराच राहणार. पण सोडवता येण्यासारखं बरंच आहे. 5.1 संचात संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवायची. तो स्पीकर टीव्हीच्या कपाटात आत ढकललेला असेल तर कडेपर्यंत पुढे आणायचा आणि किंचित वर, कानाच्या दिशेने कलवायचा. एवढ्यानेच शब्द मोकळे होतात. सॅटेलाइट म्हणजे बाजूचे स्पीकर लहान असतील तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झला ठेवावा. रात्री शेजाऱ्यांची भीती असेल तर ‘नाइट मोड’ लावा. पण काही रिसीव्हरमध्ये ट्रूएचडीसाठी हीच आवाज दाबण्याची सोय ‘ऑटो’वर असते आणि कुणी हात न लावताही काम करते. ब्लू-रे दबल्यासारखी वाटली तर ती ‘ऑफ’ करून पुन्हा ऐका. मराठी सबटायटल नाहीत. इंग्रजी लावून बघण्यात कमीपणा मानू नये. जोकर ओठांतल्या ओठांत बोलतो तिथे त्यांची गरज पडतेच.

चांगल्या संचाला दाद द्यायला आणि वाईट संच उघडा पाडायला दोन जागा आहेत. पहिली जोकरची धून. हान्स झिमरने त्याच्यासाठी चालीऐवजी जवळजवळ एकच स्वर घेतला: चेलोच्या तारेवर ताणत नेलेला, हळूहळू चढणारा. तो इतक्या बारीक पातळीवर सुरू होतो की टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर तो सुरू झाल्याचं कळतच नाही, आणि कळेपर्यंत अर्धा ताण वाया गेलेला असतो. पंखा बंद करून ऐकायची ही जागा. दुसरी जागा शहराखालच्या रस्त्यावरचा पाठलाग. त्याच्या बऱ्याच भागात संगीतच नाही. इंजिनं, काच, पत्रा आणि बोगद्याचा घुमारा यांवर सगळं चालतं. ध्वनिरचनाकार रिचर्ड किंगने बॅटपॉडच्या आवाजासाठी शेपर्ड टोन वापरला. सप्तकांच्या अंतराने एकमेकांवर रचलेले स्वर एकदम वर सरकतात. वरचा विरत असताना खालून नवा येतो, आणि कानाला वाटतं की आवाज चढतोच आहे, गिअर बदलतच नाही. किंगला या सिनेमासाठी ध्वनिसंपादनाचं ऑस्कर मिळालं, हे मागच्या दोन स्पीकरांच्या वायरी जागेवर असतील तरच पटेल.

मग ट्रक उलटतो. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर खराखुरा ट्रेलर खालून दट्ट्या मारून उभ्याने पालथा घातला होता, संगणकाची करामत नव्हे. आयमॅक्सच्या चौकटीत तो पडदाभर उंच उभा राहतो, आणि सबवूफरने पाया नीट धरला असेल तर खिडकीची काच वाजते. नुसती घरघर येऊन आवाज लोंबत राहिला तर सबवूफर कोपऱ्यात कोंबलेला आहे. फूटभर बाहेर काढून परत लावावा.

स्ट्रीमिंगला काय कमी पडतं

4के स्ट्रीमिंग साधारण सेकंदाला 15 ते 25 मेगाबिटवर चालतं. 4के डिस्कची मर्यादा 128 मेगाबिटपर्यंत जाते. दिवसाउजेडीच्या स्थिर दृश्यांत फरक शोधावा लागतो. धूर, ज्वाळा आणि अंधाराच्या कडा आल्या की शोधावा लागत नाही. सुरुवातीच्या निळ्या ज्वाळांतच रंगांचे थर पायऱ्यांसारखे दिसतात आणि पैशाच्या होळीचा धूर चौकोनी तुकड्यांनी बनल्यासारखा होतो. एकदा बघून विसरायचं असेल तर स्ट्रीमिंग पुरे. दरवर्षी बघणाऱ्यांनी डिस्क घ्यावी.

2018 मध्ये नोलन मुंबईत आला होता, फिल्मच्या जतनाबद्दल बोलायला. फिल्मचा आग्रह धरणाऱ्या या माणसाच्या सिनेमाची पिळून काढलेली प्रत फोनवर बघायची, यात थोडा विनोद आहे. असो.

जोडीला काय, काय नाही

दिग्दर्शकाची कॉमेंटरी नाही. कापलेली दृश्यंही नाहीत. एवढ्या गाजलेल्या सिनेमाच्या डिस्कवर हे खटकतं, आणि 4के आली तेव्हाही ही उणीव भरली नाही. ब्लू-रेवर निर्मितीचे 18 छोटे तुकडे आहेत. सिनेमा चालू असताना त्या-त्या ठिकाणी उघडता येतात किंवा वेगळे सलग बघता येतात. वेगळेच बघावेत, मध्ये उघडले की सिनेमाची लय तुटते. इमारत पाडण्याचा आणि ट्रक उलटवण्याचा भाग सोडू नये. इस्पितळाच्या स्फोटात जोकर रिमोट खटखटवत थांबतो ती जागा लेजरने ऐनवेळी रचली, अशी एक आख्यायिका फिरत असते. खरी इमारत एकदाच पडणार, तिथे ऐनवेळचं काही चालत नाही. तो विराम आधीच ठरलेला होता. बॅटमॅनच्या मानसशास्त्रावरचा आणि उपकरणांवरचा असे पाऊण-पाऊण तासाचे दोन माहितीपट ठीकठाक. बॅटमॅनच्या शहरातल्या, गॉथममधल्या, खोट्या वृत्तवाहिनीचे सहा भाग एकदा गंमत म्हणून.

एका जुन्या गोष्टीसाठी मात्र दोन डिस्कची डीव्हीडी सांभाळून ठेवणारे आहेत, आणि ते बरोबर करतात. तिच्या दुसऱ्या डिस्कवर आयमॅक्सची सहा दृश्यं मूळच्या उंच चौकटीत, वर-खाली न कापता दिलेली आहेत. डीव्हीडीच्या दर्जात, टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या सोडून, लहान दिसतात. पण ब्लू-रेने आणि 4के ने वर-खाली काय कापलं, हे तिथे बघायला मिळतं.

घेताना

4के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, जगात कुठूनही आणली तरी इथल्या 4के प्लेअरवर चालते. परदेशातून नातेवाईक येणार असतील तर हीच मागवावी. ब्लू-रेचं तसं नाही. अमेरिका अ, युरोप ब, भारत क अशी वाटणी आहे. हा सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या ब्लू-रे डिस्क सहसा सगळीकडे चालतात, पण डब्यामागचं चिन्ह बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेची डीव्हीडी पहिल्या प्रदेशाची, आपला पाचवा, आणि इथे कुलूप खरोखरच अडवतं.

जुन्या बाजारातून डीव्हीडी घेताना आणखी एक सावधगिरी. 2006 ते 2008 या काळात बनलेल्या काही डीव्हीडी आतल्या आत खराब होतात, हे 2025 मध्ये वॉर्नरनेच मान्य केलं. बाहेरून डिस्क आरशासारखी दिसते, एक ओरखडा नसतो, आणि चित्र मध्यावर गोठतं. म्हणून पहिली दहा मिनिटं बघून समाधान मानू नये. मधला पाठलाग, शेवटची दहा मिनिटं आणि दुसऱ्या डिस्कवरची आयमॅक्सची दृश्यं, एवढं परतीची मुदत संपायच्या आत चालवून बघावं.

ब्लू-रे आणि 4के ची माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असते, डीव्हीडीची 0.6 वर. वरचं कठीण आवरण बारीक चरे सहन करतं, पण खोल ओरखडा पडला तर घासून दुरुस्त करता येत नाही. पुसायची ती मऊ कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यातल्या कागदाला बुरशी धरते आणि ती डिस्कवर ठिपके सोडते. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डब्यांच्या मागे टाकून ठेवली तरी पुष्कळ, फक्त दर जूनला ती बदलायची.